पन्नास खुर्च्यांची खोली

भाचीचा रविवारी पुण्याहून फोन आला. "मावशी, कशी आहेस" वगैरे काही नाही, थेट मुद्दा. "पुढच्या वर्षी आम्हाला फ्रिंजला नाटक आणायचंय. तिथं निवड नसते ना? कुणीही या आणि करा, असंच असतं ना?"

असंच असतं. फ्रिंज म्हणजे स्कॉटलंडमधल्या एडिंबरात दर ऑगस्टला होणारा नाटकांचा नि इतर प्रयोगांचा महोत्सव. इथे चौदा वर्षं काढल्यावर एवढं तरी मी छातीठोकपणे सांगू शकते. यंदाचा फ्रिंज ७ ते ३१ ऑगस्ट २०२६. जेमतेम पाच-सव्वापाच लाख वस्तीचं गाव, त्यात तीन हजारांहून अधिक कार्यक्रम, आणि कुणाला घ्यायचं, कुणाला नाही हे ठरवणारी समितीच नाही. खोली मिळवा, नोंदणीचे पैसे भरा, की झालात तुम्ही फ्रिंजचे कलाकार.

तिच्या प्रश्नामागचं दुखणं मला ठाऊक आहे. गेल्या वर्षी त्यांची एकांकिका 'पुरुषोत्तम'च्या प्राथमिक फेरीतच गळाली. पुरुषोत्तम करंडक म्हणजे महाराष्ट्रीय कलोपासक १९६३ पासून घेत असलेली आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा. भरत नाट्य मंदिरात "अरे आव्वाज कुणाचा!" अशी बोंब एकदा ज्याने ठोकली, त्याच्या आयुष्यात पुढे कितीही यश आलं तरी तो घसा काही पुन्हा तसा बसत नाही. २०२२ साली परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही, तेव्हा आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस युद्ध चाललं होतं. दर्जा राखला म्हणणारे एका बाजूला, विशीतल्या पोरांची उमेद मारली म्हणणारे दुसऱ्या बाजूला. मी तेव्हा फुशारकीने लिहिलं होतं, "इथे बघा, परीक्षकच नाहीत!" परदेशात राहणाऱ्या माणसाला "इथे बघा" म्हणायची खाज असते. तेच वाक्य भाचीने जपून ठेवलं आणि आता व्याजासकट माझ्या दारात आणलंय.

म्हणून हा खुलासा.

फ्रिंज कुणी भरवला नाही. १९४७ साली युद्धाने मोडलेल्या युरोपाला संगीत-नाटकाने पुन्हा जवळ आणावं म्हणून रुडॉल्फ बिंग यांनी इथे आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू केला. संगीत-संचालक ब्रूनो वॉल्टर आणि त्यांचा जुना वाद्यवृंद व्हिएन्ना फिलहार्मोनिक यांची ताटातूट झाली होती, ती त्या वर्षी इथे संपली. या मानाच्या पंगतीला आठ नाटक कंपन्या बिनबोलावता आल्या. मोठी नाट्यगृहं महोत्सवाने घेतलेली, म्हणून त्यांनी जागा मिळेल तिथे प्रयोग लावले. त्यातल्या एकीने तर खाडीपलीकडे डनफर्मलिनच्या मठात नाटक केलं. पुढच्या वर्षी रॉबर्ट केम्प या नाटककाराने लेखात त्यांना महोत्सवाच्या काठावरचे म्हटलं आणि नाव चिकटलं. फ्रिंज म्हणजे काठ. आज जग येतं ते काठ बघायला, पदराचं कौतुक त्यामानाने कमी.

पुण्यातही फ्रिंज भरवावा, अशी एक हौस अधूनमधून उफाळते. मला त्यातलं 'भरवावा' हेच खटकतं. ज्याला स्वागताध्यक्ष, दीपप्रज्वलन आणि शाल-श्रीफळ आहे तो फ्रिंज नव्हेच. त्या आठ कंपन्यांना कुणी मानाचा नारळ दिला असता तर त्या पंगतीत बसल्या असत्या आणि विषय संपला असता.

आता भाचीचा हिशोब. तिचा आठजणांचा संच. एक खोली, तिथला रोजचा तासाभराचा वेळ, तंत्रज्ञ आणि तिकीटविक्रीचा वाटा, हे पहिलं. विमानाची तिकिटं आणि व्हिसा हे दुसरं. आणि तिसरं, ज्याने भल्याभल्यांचं कंबरडं मोडतं, ते राहण्याचं भाडं. माझ्याच जिन्यातलं वरचं घर मार्चमध्ये महिन्याला ज्या पैशात जातं, ते ऑगस्टमध्ये आठवड्याला जातं. त्यात यंदा २४ जुलैपासून रात्रीच्या मुक्कामावर पाच टक्के पाहुणे-कर लागतोय, पहिल्या पाच रात्रींपुरता. तो मला पटतो, कारण कचरा कुणाला तरी उचलावाच लागतो. २०२२ साली ऐन महोत्सवात सफाई कामगार संपावर गेले, तेव्हा रॉयल माईल या इथल्या मुख्य जुन्या रस्त्यावर कचऱ्याचे डोंगर चुकवत लोक नाटकाला जात होते, हे मी पाहिलंय.

म्हणजे दारावर परीक्षक नाहीत हे खरं, पण दार उघडंच आहे असं नाही. परीक्षकाच्या जागी घरमालक उभा आहे. पुरुषोत्तमच्या परीक्षकाशी निदान भांडता येतं.

माझे इथले नाटकवाले मित्र दरवर्षी हेच बोलतात. ज्याच्या बापाकडे पैसा त्याचा ऑगस्ट. एकेकाळी कामगारवस्तीतून आलेली मुलं इथे एकपात्री विनोदाचे प्रयोग करत मोठी व्हायची, आता त्यांना गादीसुद्धा परवडत नाही. बऱ्याच जणांचा मार्ग म्हणजे फुकट प्रवेशाचे प्रयोग. तिकीट नाही, दारूच्या गुत्त्याचं तळघर किंवा माडी, आणि प्रयोग संपला की कलाकार स्वतः दारात बादली घेऊन उभा. कीर्तनानंतर आरतीचं ताट फिरावं तसं. फक्त हल्ली बऱ्याचजणांच्या गळ्यात कार्ड टेकवायचं यंत्र लटकत असतं, त्यामुळे 'सुटे नाहीत' ही सबब बंद झाली.

एवढं सगळं असून मी दरवर्षी जाते. का जाते ते सांगते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. काउगेटच्या बोळात जमिनीखालची एक खोली. दगडी कमान, छताला ओल, पन्नास खुर्च्या, त्यांत आम्ही अकराजण. एक बाई आणि एक खुर्ची एवढंच नाटक. ती आपल्या आईची स्मृती कशी पुसत गेली ते सांगत होती. मध्येच कमानीतून थेंब पडायला लागला, अगदी तिच्या खुर्चीशेजारी. ती बोलता बोलता उठली, कोपऱ्यातला कप आणला, थेंबाखाली ठेवला आणि आईच्या आवाजात म्हणाली की आत्ता कुठे घरात असल्यासारखं वाटतंय. अकरा माणसं एकदम हसली, मग एकदम गप्प झाली. हे संहितेत होतं की नव्हतं, मला अजून कळलेलं नाही. प्रयोग पंचावन्न मिनिटांचा. शेवटच्या टाळीचा आवाज विरायच्या आत तंत्रज्ञ मुलगी झाडू घेऊन आत आली, बाई खुर्ची उचलून निघाली आणि जिन्यात पुढचा संच एका ट्रंकेवर बसून चेहरे रंगवत होता. पंधरा मिनिटांत त्याच खोलीत समुद्री चाचे नाचणार होते.

मला हेवा वाटतो तो या खोलीचा. निवड नसल्याचा नाही, जगभरातून येणाऱ्या गर्दीचा तर मुळीच नाही. इथे ऑगस्टमध्ये चर्चचं सभागृह, विद्यापीठाचा व्याख्यान-वर्ग, शाळेची व्यायामशाळा, सगळ्यांत काळे पडदे लागतात, चार दिवे टांगले जातात आणि नाटक उभं राहतं. ट्रॅव्हर्स हे आज इथलं नव्या नाटकांचं नावाजलेलं थिएटर. तेही १९६३ साली साठ खुर्च्यांच्या जागेत, क्लब म्हणून सुरू झालं. पुरुषोत्तम आणि ट्रॅव्हर्स एकाच वर्षीचे, हे मला ज्या दिवशी लक्षात आलं त्या दिवशी मी ऑफिसात उगाचच तीनजणांना सांगितलं. तिघांनीही "हो का" म्हटलं.

क्लब का, तर त्या काळी ब्रिटनमध्ये नाटकाची संहिता आधी राजदरबारच्या लॉर्ड चेंबरलेनकडे मंजुरीला द्यावी लागे आणि खासगी क्लब ही त्यातली पळवाट होती. १९६८ च्या कायद्याने ती मंजुरी गेली. आपल्याकडे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ अजून आहे. तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'साठी त्याचे दिग्दर्शक कमलाकर सारंग १९७२ साली उच्च न्यायालयात गेले. २०१६ साली अमोल पालेकरांनीही पूर्वपरवानगीच्या याच पद्धतीविरुद्ध न्यायालयाचं दार ठोठावलं. या एका बाबतीत मी "इथे बघा" म्हणणं सोडणार नाही. प्रयोगाआधी संहिता वाचून शिक्का मारणारं कुणी नाही म्हणून या गावावर आकाश कोसळलेलं मी चौदा वर्षांत पाहिलं नाही. वाईट नाटकं पुष्कळ पाहिली. ती आपोआप पडतात.

पण पुण्याची चर्चा या वाटेला फारशी जात नाही. ती बालगंधर्वापाशी अडते. बालगंधर्व रंगमंदिर पाडून नवं बांधायचं की आहे तेच नीट राखायचं, यावर घरी गेले की प्रत्येक वेळी जेवणाच्या टेबलावर दोन पक्ष पडतात. १९६८ साली उभी राहिलेली ती वास्तू पाडू नये या बाजूची मी, हे सांगून टाकते. पण त्याहून मोठी तक्रार अशी की सगळी भांडणं शेकडो खुर्च्यांच्या वास्तूवरच होतात. विशीतल्या मुलांना शेकडो खुर्च्या नकोच आहेत. त्यांना पन्नास हव्यात, मंगळवारी संध्याकाळी, परवडेल अशा भाड्यात, आणि त्याच जागी पुढच्या मंगळवारीही. सुदर्शन रंगमंच पेठेत वर्षानुवर्षं हेच करत आलाय, म्हणून तर पुण्यात प्रायोगिक नाटक जिवंत राहिलं. अशा जागा बोटांवर मोजण्याइतक्या आणि नाटकवाली पोरं गल्लोगल्ली.

आणि हे काही एडिंबराकडून शिकायला नको. दादरला छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने १९७४ पासून जे केलं ते आपल्या मातीतलं काठावरचं नाटक होतं. शाळा सुटली की बाकं हलवायची आणि नाटक लावायचं. माझी आई तिथे घामाघूम होऊन पाहिलेल्या नाटकांबद्दल अजून बोलते. पंखे बंद ठेवायचे, आवाज होतो म्हणून. पुण्यात आज किती शाळांची सभागृहं संध्याकाळी सहानंतर कुलूपबंद असतात? माझ्या स्वतःच्या शाळेचंच आहे. दोन वर्षांपूर्वी मी माजी विद्यार्थी म्हणून विचारायला गेले, तर "खुर्च्या खराब होतात" असं उत्तर मिळालं. त्या खुर्च्या आमच्या वेळीही खराबच होत्या.

रात्री दहाच्या वादाचंही तसंच. 'सवाई'च्या, म्हणजे पुण्यातल्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाच्या, रात्र जागवणाऱ्या मैफली नियमाने संपल्या, याची हळहळ आमच्या घरात दर डिसेंबरात होते. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक नाही, राज्य सरकार वर्षातले फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. या नियमाच्या बाजूने मी आहे, पेठेत गणपतीत दहा दिवस काढलेलं कुणीही असेल. पण त्याच नियमात बंदिस्त सभागृहाला मुभा आहे, हे कुणी बोलत नाही. काउगेटच्या त्या तळघरात रात्री एकला प्रयोग असतात आणि वरच्या मजल्यावर माणसं झोपलेली असतात.

एडिंबराकडून काय घेऊ नये, तेही सांगते. ऑगस्ट घेऊ नये. इथले जुने रहिवासी ऑगस्टमध्ये घर भाड्याने देऊन गाव सोडतात, लक्ष्मी रोडवरचे पुणेकर विसर्जनाला गोव्याला पळतात त्याच भावनेने. एका महिन्यात सगळं कोंबलं की बघणाऱ्याचंही वाटोळं होतं. दिवसाला पाच नाटकं बघून परतलेले पाहुणे मी पाहिलेत. तिसऱ्या दिवशी त्यांना कुठल्या नाटकात कप होता आणि कुठल्यात चाचे, तेही सांगता येत नाही. 'सवाई'ला सतरंजीवर बसून एक राग पाऊण तास उलगडताना ऐकणारा, डबा उघडून शेजारच्याला पोळीभाजी देणारा आणि तान आवडली नाही तर तसं तोंडावर म्हणणारा श्रोता मला या गावात भेटलेला नाही. १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या त्या महोत्सवाने असा श्रोता घडवायला काही पिढ्या घेतल्या. तो विमानाने आणता येत नाही.

हे सगळं मी भाचीला फोनवर सांगितलं. ती पुरुषोत्तमवाली असल्याने मध्येमध्ये तोडत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे येऊ नको म्हणतेस?"

तसं नाही म्हटलं. आधी पुण्यात दहा प्रयोग करा. कुणाच्या शाळेत, कुणाच्या गच्चीवर, मिळेल तिथे. दहाव्या प्रयोगालाही लोक आले तर आठांचे दोघं व्हा, नेपथ्य एका बॅगेत बसवा, मग या. माझ्या बैठकीच्या खोलीत दोन गाद्या पडतात.

थोडा वेळ गप्प राहून तिने विचारलं, "मावशी, तुझी ती बैठकीची खोली केवढी आहे? खुर्च्या किती मावतील?"