‘वाचून हसू आलं’ म्हणणाऱ्या वाचकांस, क्लचच्या आवाजाबद्दल

नमस्कार साहेब,

क्लचचं पेडल दाबल्यावर की सोडल्यावर आवाज येतो, यावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते ओळखायचा नियम मी एका लेखात दिला होता. त्याच्याखाली तुम्ही लिहिलंय: ‘वाचून हसू आलं. गिअरबॉक्स खाली घेतल्याशिवाय आतलं काही कळत नसतं. असले लेख वाचून लोक घरीच डॉक्टर होतात. हल्ली रिलीज बेअरिंग कायम टेकलेलं असतं, तुमचा नियम तिथं चालत नाही. ड्युअल मास फ्लायव्हीलचं नाव नाही, हायड्रॉलिक क्लचवर एक ओळ नाही.’

हसू आलं ते बरंच झालं, माणसानं हसावं. पण मुद्दा मांडायच्या आधी पहिल्या तीन शब्दांतच समोरच्याला येडं ठरवायचं, ही रीत कुठली? आमच्या कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर असं कुणी तोंडावर बोललं, तर त्याला आधी ग्लासभर दूध पाजतात आणि मग हिशोब करतात. दूध पाजलं असं समजा.

आता ते ‘खाली घेतल्याशिवाय कळत नाही’. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. वडिलांचं उद्यमनगरात लेथचं दुकान होतं, शाळा सुटली की मी तिथंच. शेजारच्या गाळ्यात गाड्यांची कामं चालायची. तिथले मिस्त्री पान्याला हात लावायच्या आधी गाडीत बसायचे, इंजिन चालू, गाडी न्यूट्रलला, पाय क्लचवर, आणि सगळ्यांना गप्प करायचे. दाबायचं, थांबायचं, सोडायचं. बॉक्स उतरवायची गोष्ट त्याच्या नंतर.

यात जादू काही नाही. कुठल्या वेळी आत काय फिरतंय आणि भार कशावर आहे, एवढंच बघायचं. न्यूट्रलला पेडल सोडलेलं असताना इंजिनाबरोबर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्टही, म्हणजे क्लचकडून फिरणं आत नेणारा दांडाही, फिरतो. तेव्हा घरघर येत असेल आणि पेडल पूर्ण दाबून जरा थांबल्यावर जात असेल, तर संशय इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर, कारण तो शाफ्ट आता थांबला. उलट, दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबलं की क्लच सोडवणारं, कारण क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या फिंगरांचा, म्हणजे तिच्या स्प्रिंगच्या टोकांचा, भार तेव्हा त्याच्यावर येतो. पेडल दाबून, गिअर टाकून गाडी जागेवर उभी असतानाच आवाज येत असेल तर पायलट बेअरिंगही धरा, म्हणजे क्रँकच्या, इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, टोकात बसून इनपुट शाफ्टचं पुढचं टोक धरणारं: क्रँक फिरतेय, शाफ्ट उभा आहे, ती ओढाताण ते सोसतं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बऱ्याच गाड्यांत ते नसतंच, म्हणजे तेवढी कटकट कमी. आणि इंजिन बंद असताना पेडल दाबलं तरी कुईं होत असेल तर? मग आत फिरतंय काय? पेडलची बुश, केबल, नाहीतर रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या फोर्कचा कोरडा पडलेला टेकू. पहिल्या दोन गोष्टी बघायला बॉक्सला हात लावावा लागत नाही.

हे शेवटचं मला फार चांगलं माहीत आहे. मी गावी नसताना धाकट्या भावानं आमची कुईं कुईं करणारी गाडी एका गॅरेजला नेली (नाव घेत नाही). तिथं ‘क्लच सेट गेला’ म्हणाले, बॉक्स उतरवला, प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळं नवं टाकलं, लेबर वेगळं. गाडी कावळा नाक्यापर्यंत आली नाही तोवर कुईं पुन्हा सुरू. पेडलची बुश कोरडी होती. चिमूटभर ग्रीस. साहेब, तुमच्या म्हणण्याप्रमाणं बॉक्स खाली घेतला होता की. काय कळलं?

लोक घरी डॉक्टर होतात, तर होऊ द्यात. मी कुणाला जॅक लावून गाडीखाली शिरायला सांगितलेलं नाही. गॅरेजवाल्यासमोर नेमकं काय सांगायचं, ते सांगितलंय. करूळ घाट चढून गगनबावड्याला येताना इंजिन नुसतंच ओरडतंय आणि गाडी उचलत नाही, तर आवाज ऐकत बसू नका, क्लच घसरतोय, हे तर मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं. तुम्ही तिथवर पोचला नसाल.

पेडल सोडलं तरी फिंगरांना कायम टेकलेल्या रिलीज बेअरिंगचं मला नवीन नाही. तशा गाडीत पेडल सोडलेलं असतानाही चिरचिर होते आणि पाय नुसता टेकवला की गप्प होते. पण बेअरिंग खरंच गेलं असेल तर पूर्ण दाबल्यावर बहुधा बोलतंच. नियम मोडला कुठं? थोडा वाकला, एवढंच.

ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या टोकाचं दोन भागांचं, मध्ये स्प्रिंग असलेलं जड चाक, मात्र मान्य. डिझेल गाडी आयडलला किंवा बंद करताना खडखडत असेल तर तिकडं बघावं, ही ओळ आज लेखात घातली. श्रेय देणार होतो, पण तुम्ही टोपणनावानं लिहिता. मी स्वतःच्या नावानं लिहितो, चुकलो तर उद्यमनगरातली माणसं दुकानात येऊन सुनावतात.

हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, क्लचवर वेगळा लेख येतोय. तो आधीच ठरला होता, तुमच्या प्रतिक्रियेमुळं नव्हे.