गादीखालचा फायबर आणि ‘चूक होणारच नाही’ हा दावा

‘इंटरनेट जोडताना उरलेला ऑप्टिकल फायबर गादीखाली पसरा. एका टोकातून प्रकाश सोडा, दुसऱ्या टोकाला मोजा. किती हवा आत गेली ते कळेल, झोपेत श्वास अडकला की मोबाईल वाजेल, आणि फायबरला विजेची बाधा होत नसल्यामुळे चूक होणारच नाही.’ असा संदेश फिरतोय. त्यात खऱ्याची भेसळ बरीच आहे, म्हणून तो नुसता उडवून लावता येत नाही.

‘उरलेला फायबर चालतो.’ बहुधा नाही चालत. या साध्या सेन्सरचं सगळं गणित गळतीवर आहे. छाती फुगली की अंगाचा भार किंचित सरकतो, फायबरला बारीक बाक येतो, बाकातून थोडा प्रकाश गळतो आणि पलीकडच्या फोटोडायोडवर (प्रकाश मोजणाऱ्या भागावर) तेवढा कमी पोहोचतो. घरात आणतात तो फायबर मात्र बऱ्याचदा जी.६५७ जातीचा असतो. कोपऱ्यात ७.५ मिलिमीटर त्रिज्येत वळवला तरी प्रकाश फारसा गळू नये म्हणून तो मुद्दाम तसा घडवलेला. आपल्याला हवी ती गळतीच त्यातून काढून टाकलेली. वर जाड आवरण आणि ॲरामिडचे (चिवट कृत्रिम) धागे असतील तर उरलासुरला दाबही तिथेच जिरतो.

गादीखालच्या अशा सेन्सर-चटईसाठी ५०/१२५ किंवा ६२.५/१२५ मायक्रॉनचा (आतला गाभा/काचेची एकूण जाडी) मल्टिमोड, म्हणजे प्रकाशाला अनेक वाटा देणारा फायबर घ्यावा, नुसत्या २५० मायक्रॉनच्या लेपातला, आणि त्यावर प्लास्टिकची बारीक जाळी ठेवावी. खरं काम ही जाळी करते. तिचे धागे फायबरला ठिकठिकाणी दाबून वाकवतात. जाळीशिवाय दोन मऊ फोममध्ये ठेवलेला फायबर भारासोबत सगळाच्या सगळा खाली बसतो, हवा तसा वाकत नाही. प्रकाशासाठी एलईडी बरा. लेझर दिला तर मल्टिमोड फायबरात ठिपक्यांची नक्षी तयार होते. कनेक्टर जरा सैल असला की फायबर हलताना ती नक्षी सरकते आणि श्वासाशी संबंध नसलेली लाट दिसते.

‘विजेची बाधा नाही, म्हणून चूक नाही.’ पहिला अर्धा खरा. काचेच्या धाग्यात धातू नाही, म्हणून तो एमआरआयच्या चुंबकातही नेता येतो (धातूचे कनेक्टर आणि मोजणीची पेटी खोलीबाहेर ठेवून). पण धाग्याच्या शेवटी फोटोडायोड, ॲम्प्लिफायर आणि एडीसी (सिग्नलचे आकडे करणारी चिप) बसलेले असतात. फोटोडायोडवर खोलीतल्या दिव्याचा उजेड शिरला तर काय होतं पाहा. ५० हर्ट्झच्या विजेवर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. वीज ५०.१ हर्ट्झवर गेली की लुकलुक १००.२. एडीसी सेकंदाला २५ नमुने घेत असेल, तर हीच लुकलुक ०.२ हर्ट्झची संथ लाट होऊन उतरते, म्हणजे मिनिटाला बरोबर १२ श्वास. रिकाम्या पलंगाचे! फोटोडायोड काळ्या डबीत बंद करावा आणि एडीसीच्या आधी साधारण ५ हर्ट्झच्या वरचं छाटणारा ॲनालॉग फिल्टर लावावा. नमुने घेतल्यावर सॉफ्टवेअरमध्ये गाळून ही लाट जात नाही. तोवर ती श्वासाच्याच पट्ट्यात येऊन बसलेली असते.

‘किती हवा गेली ते कळतं.’ छाती आणि पोट वेगवेगळे हलतात हे श्वसनाचे अभ्यासक कोनो आणि मीड यांनी १९६७ मध्येच मांडलं. एका जागच्या सेन्सरवरून मिलिलिटर काढता येत नाहीत. छाती आणि पोटावर दोन पट्टे लागतात, प्रत्येक माणसावर स्पायरोमीटरशी (श्वासाची हवा मोजणाऱ्या यंत्राशी) जुळवणी लागते, आणि माणूस उताण्याचा कुशीवर झाला की ती पुन्हा करावी लागते. चटईवर तर कूस बदलल्यावर लाटेची दिशाही उलटू शकते. पट्ट्यात ब्रॅग ग्रेटिंग (ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश परत पाठवणारी फायबरमधली रचना; ताण आला की ती तरंगलांबी सरकते) वापरलं तर तापमान आडवं येतं: १५५० नॅनोमीटरला १ मायक्रोस्ट्रेन (लांबीत दहा लाखांश वाढ) म्हणजे साधारण १.२ पिकोमीटरचा सरक, १ अंश सेल्सियस म्हणजे साधारण १० पिकोमीटरचा. अंगाच्या उबेने पट्टा अंशभर तापला तरी तो ८ मायक्रोस्ट्रेन ताणल्यासारखा वाटतो.

‘श्वास अडकला की मोबाईल वाजेल.’ सगळ्यांत धोक्याचा दावा हा. अडथळ्याच्या स्लीप ॲप्नियात घसा मिटतो, हवा थांबते, पण छाती आणि पोट जोर लावतच राहतात; कधी एक आत जातं तेव्हा दुसरं बाहेर येतं. मोठ्या माणसांत असा खंड १० सेकंद टिकला की नोंदला जातो, आणि त्या १० सेकंदांत चटईला हालचाल दिसतच असते. म्हणूनच झोपेच्या तपासणीत नाकाशी हवेचा प्रवाह, छाती-पोटाचे पट्टे आणि बोटावर ऑक्सिजन हे सगळं एकत्र मोजतात. मेंदूकडून हुकूमच न आल्याने छातीही थांबते, तो प्रकार चटईला दिसू शकतो. पण सॉफ्टवेअर सिग्नलचा प्रत्येक तुकडा ताणून एकाच उंचीचा करत असेल, तर श्वास थांबताच मागची खरखर मोठी होऊन श्वास म्हणून मोजली जाते. लाट किती उंच असली तरच श्वास धरायचा, ही मर्यादा कायम ठेवावी लागते.

पडताळा सोपा आहे. आधी गादी पाच मिनिटं रिकामी ठेवा. पडद्यावर कुठलाही आकडा यायला नको. मग उताणं झोपा, नाक चिमटीत धरा, तोंड मिटा आणि दहा सेकंद श्वास आत ओढायचा प्रयत्न करत राहा. हवा अजिबात जाणार नाही, आलेख वरखाली होत राहील आणि मोबाईल गप्प बसेल.