नावाने हाक मारा, फंक्शन हजर!

पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेतला जुना कोड गो या दुसऱ्या भाषेत न्यायचाय. साहेब म्हणाले, "सिंटॅक्सच, म्हणजे लिहायची पद्धतच तर बदलायचीय, दोन आठवडे पुष्कळ झाले." हो, झालेच!

अरे, पण ज्या महाभागाने हे लिहिलं, त्याने एक फंक्शन (नाव दिलेला कोडचा तुकडा) सरळ बोलावलं असेल तर शपथ! 'प्रिंट_' घ्यायचं, त्याला डेटाबेसमधून आलेला शब्द चिकटवायचा, पुढे कंस टाकायचा. पीएचपी निमूट चालवतं. आता 'प्रिंट_चलन' कुठून कॉल होतं म्हणून सर्च मारला, तर उत्तर शून्य. मेलेला कोड समजून उडवला. महिनाअखेरीस अकाउंट्सवाले बोंबलत आले. मला कसं कळणार होतं? पत्रिका बघून?

त्यात पीएचपीला फंक्शनच्या नावात कॅपिटल-स्मॉल सगळं सारखंच. मग काय, टेबलात एकच नाव तीन तऱ्हांनी!

आणि गो? नाव स्ट्रिंग म्हणून, म्हणजे नुसता मजकूर म्हणून दिलं, तर साधं फंक्शन शोधूनच देत नाही. गोच्या रिफ्लेक्ट पॅकेजमधलं मेथडबायनेम आहे, पण ते फक्त मेथडसाठी (म्हणजे एखाद्या टाइपला जोडलेल्या फंक्शनसाठी), तेही नाव कॅपिटलने सुरू होत असेल तरच. (एवढे सोवळे तर आमच्या आजीचेही नव्हते.) म्हणजे मीच बसून मॅप लिहायचा. डावीकडे नाव, उजवीकडे फंक्शन, 112 ओळी. त्यातली एक राहिली तर कंपायलर (कोड तपासून चालण्याजोगा करणारा प्रोग्रॅम) चकार शब्द काढत नाही. रात्री दोनला निल, म्हणजे रिकामं फंक्शन कॉल होतं, प्रोग्रॅम पॅनिक होऊन बंद, आणि फोन मला.

सकाळी साहेब विचारतात, "सिंटॅक्सच होता ना फक्त?"