आठ सेकंद, दहा मिनिटं आणि तो रंगीत त्रिकोण

जून उजाडला की शिक्षकांच्या ग्रुपवर एक संदेश हमखास येतो. यंदा माझ्याकडे तो चार ठिकाणांहून आला. कुठे खाली मेंदूचं चित्र, कुठे रंगीत त्रिकोण, मजकूर साधारण एकच: 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे की मोबाईलमुळे आजच्या मुलांची एकाग्रता 8 सेकंदांवर आली आहे, गोल्डफिश माशाचीसुद्धा 9 असते. वर्गात दहा मिनिटांनंतर कोणी ऐकत नाही. ऐकलेले 5 टक्के लक्षात राहते, वाचलेले 10, पाहिलेले 20, स्वतः केलेले 75 आणि दुसऱ्याला शिकवलेले 90. म्हणून भिंती बोलक्या करा, प्रत्येक मुलाची शिकण्याची शैली ओळखा, व्हिडिओ लावा आणि स्वतः कमीत कमी बोला.' खाली पंधरा अंगठे आणि तीन 'खूप छान सर'.

मी सहावीला गणित आणि विज्ञान शिकवते. वर्गात 38 मुलं, त्यातली चार-पाच कायम खिडकीबाहेर. त्यामुळे हा संदेश मीही एकेकाळी पुढे पाठवलाय, हे आधीच कबूल करते. नंतर एकेक आकडा कुठून आला ते शोधत गेले.

आधी तो मासा. 8 आणि 9 सेकंदांचे हे आकडे जगभर पसरले ते 2015 साली मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या शाखेने जाहिरातदारांसाठी काढलेल्या एका अहवालातून. अहवालातही तो आकडा त्यांच्या स्वतःच्या प्रयोगाचा नव्हता, दुसऱ्या एका आकडेवारीच्या संकेतस्थळावरून उचललेला होता. 2017 मध्ये बीबीसीच्या एका बातमीदाराने त्या संकेतस्थळाने दिलेल्या संदर्भांकडे चौकशी केली, तर कुणाकडेच असं संशोधन सापडलं नाही. माशावरही अन्यायच आहे. गोल्डफिशला शिकवलेली गोष्ट आठवडेच्या आठवडे लक्षात राहते, म्हणूनच तर स्मृतीवरच्या प्रयोगांत तो अनेक वर्षं वापरला जातोय.

पण आकड्यापेक्षा मला खुपतं ते त्यामागचं गृहीतक. जणू लक्ष म्हणजे मुलाच्या डोक्यात बसवलेली बॅटरी, पूर्वी मोठी होती, आता छोटी झाली. माझ्या वर्गात मागून दुसऱ्या बाकावर एक मुलगा आहे. अपूर्णांकाच्या तासाला तो खोडरबराचा कीस पाडतो, तो कीस पट्टीने ओळीत लावतो, मग त्याचे सारखे ढीग करतो. चाळीस मिनिटं. बॅटरी छोटी कुठाय? ती भरपूर आहे, फक्त माझ्याकडे लागलेली नाही. (आणि गंमत म्हणजे तो जे करत होता ते समान भाग पाडणंच होतं. फळ्यावरही तेच चाललं होतं.)

दहा मिनिटांची गोष्ट जरा वेगळी, कारण ती खोटी वाटत नाही. आपल्या सगळ्यांनाच तसा अनुभव आहे. पण 2007 मध्ये विल्सन आणि कॉर्न या दोन मानसशास्त्रज्ञांनी या दाव्याची मुळं खणली, तेव्हा हाती आलं ते मुख्यतः विद्यार्थी टिपणं कधी कमी घेतात याबद्दलचे जुने अभ्यास, आणि तेही एकमेकांशी न जुळणारे. टिपण थांबलं म्हणजे लक्ष उडालं असं थोडंच आहे? 2010 मध्ये अमेरिकेत रसायनशास्त्राच्या कॉलेजच्या वर्गांत विद्यार्थ्यांच्या हातात बटणं दिली आणि लक्ष उडालं की दाबा असं सांगितलं. निघालं असं की लक्ष सतत जातं आणि येतं. अर्ध्या मिनिटातच पहिल्यांदा उडतं, बहुतेक वेळा मिनिटभराच्या आत परत येतं. प्रात्यक्षिक किंवा प्रश्न चालू असताना ते कमी उडालं, आणि आपल्या कामाचा भाग असा, की प्रश्नानंतर लगेच येणाऱ्या साध्या व्याख्यानातही ते कमीच उडालं.

म्हणजे दहाव्या मिनिटाला वाजणारी कुठली घंटा नाही. 'दहा मिनिटं झाली, आता टाळ्या वाजवा, उभे राहा, बसा' हा जो प्रकार प्रशिक्षणांत शिकवला जातो, त्याने मुलं जागी होतात हे खरं. पण जागं होणं आणि अपूर्णांकाकडे लक्ष जाणं या दोन गोष्टी आहेत. टाळ्या वाजवून मुलांचं लक्ष टाळ्यांकडे जातं.

दुपारच्या तासाबद्दल मात्र त्या संदेशात एक अक्षर नाही, याचं नवल वाटतं. पोषण आहाराची खिचडी खाऊन, मार्च महिन्यात, पत्र्याच्या वर्गात, पंखा बंद असताना कुणाचं लक्ष लागणार आहे? माझं लागत नाही. तिथे मेंदूविज्ञान नको, वीज हवी.

आता टक्क्यांचा तो त्रिकोण. तो सगळ्यात देखणा, म्हणून सगळ्यात टिकाऊ. 5, 10, 20, 30, 50, 75, 90. ज्याने आयुष्यात एकदा तरी वर्गाचा निकाल तयार केलाय, त्याला इतके गोल आकडे पाहून शंका यायला हवी. खऱ्या मोजमापात 5 ने भाग जाणारे आकडे असे रांगेत उभे राहत नाहीत. या चित्राचं नाव बऱ्याचदा एडगर डेल यांच्याशी जोडतात. डेल यांनी 1946 च्या आपल्या पुस्तकात अनुभवाचा एक शंकू काढला होता, पण त्यात एकही टक्का नव्हता. आणि कोणतं साधन चांगलं, कोणतं वाईट असा क्रमही त्यांना लावायचा नव्हता. टक्क्यांचा त्रिकोण अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या एका प्रशिक्षण संस्थेच्या नावावर फिरतो. मूळ संशोधन मागितल्यावर ते आता आमच्याकडे नाही, असं उत्तर त्या संस्थेने दिलेलं आहे. 'केलेले 75 टक्के' म्हणजे काय केलेलं, किती दिवसांनी विचारलं, कुणाला विचारलं, काहीच नाही.

'आकडे चुकले असतील, पण स्वतः केलेलं जास्त लक्षात राहतं हे तर खरं ना बाई?' असं आमच्याच शाळेतल्या एका सरांनी विचारलं. थोडं खरं आहे. त्यांना मी गेल्या वर्षीच्या सूर्यमालेची आठवण करून दिली. थर्माकोलचे गोळे, रंग, झाडूच्या काड्या, दोन तासिका खर्ची पडल्या आणि मुलं अक्षरशः रंगून गेली होती. पंधरा दिवसांनी विचारलं, दिवस आणि रात्र का होतात? एका गटाने सांगितलं, सूर्य पृथ्वीच्या मागे जातो म्हणून. त्याच गटातल्या मुलीला शनीचं कडं कशाने चिकटवलं होतं ते मात्र अचूक आठवत होतं. तिने दोन तास डिंकाचा विचार केला, म्हणून तिला डिंक आठवला. चूक तिची नाही. काम मी तसं दिलं होतं. हात कशात आहेत यापेक्षा डोकं कशात आहे ते महत्त्वाचं, आणि तो त्रिकोण फक्त हात मोजतो.

शिकण्याच्या शैलीबद्दल फार लिहीत नाही. कोणी डोळ्यांनी शिकतं, कोणी कानांनी, कोणी हालचालीने, आणि त्याप्रमाणे शिकवलं तर जास्त शिकतं, या कल्पनेची 2008 मध्ये पॅशलर आणि सहकाऱ्यांनी नीट छाननी केली आणि तिला आधार देणारा भक्कम पुरावा सापडला नाही. मुलांच्या आवडी वेगळ्या असतात, तयारी वेगळी असते, ते सगळं खरं. पण नकाशा कानांनी शिकता येत नाही आणि कवितेची चाल डोळ्यांनी कळत नाही. शैली मुलापेक्षा विषयाची असते.

बोलक्या, म्हणजे चित्रं-अक्षरं रंगवलेल्या भिंतींबद्दल लिहिताना हात जरा अडखळतो, कारण त्यासाठी गावाने वर्गणी काढलेली असते, शिक्षकांनी सुट्टीत स्वतः ब्रश धरलेले असतात. राज्य सरकारच्या 2015 च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाच्या सुमारास साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे आसपासच्या शाळांचा गट) शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले, आणि परत येऊन अनेकांनी फरशा रंगवल्या. फरशीवरच्या संख्यारेषेवर उड्या मारत बेरीज करणारी पहिलीची मुलं मी पाहिली आहेत, ती उत्तम शिकतात. पण तिथे फरशी हे पाटीसारखं वापरायचं साधन असतं. आपल्याकडे पुढे झालं ते असं, की उडी मारायची फरशी राहिली बाजूला आणि छतापासून जमिनीपर्यंत फुलपाखरं, सुविचार, इंद्रधनुष्य, समानार्थी शब्दांचं झाड आणि रेल्वेचा डबा आला.

2014 मध्ये अमेरिकेत बालवाडीच्या 24 मुलांना विज्ञानाचे सहा छोटे पाठ दिले, तीन सजवलेल्या वर्गात, तीन साध्या भिंतींच्या. सजवलेल्या वर्गात मुलांचा 38.6 टक्के वेळ भलतीकडे गेला, साध्या वर्गात 28.4. चाचणीत बरोबर उत्तरं सजवलेल्या वर्गात 42 टक्के, साध्या वर्गात 55. मुलं थोडी, वय लहान, वर्ग प्रयोगासाठी तयार केलेला, त्यामुळे यावरून उद्या भिंतींना चुना फासा असं मी म्हणणार नाही. पण 'भिंती बोलक्या केल्या की मुलं रमतात' यातल्या रमण्याची दिशा कोणती, हे तरी विचारायला हवं. भिंत सतत बोलत असेल तर वर्गात बोलणारे आपण दोघं झालो. मी आता फळ्याच्या बाजूची भिंत कोरी ठेवते आणि चालू घटकाचा एकच तक्ता तिथे लावते. घटक संपला की तक्ता उतरतो.

राहिला शेवटचा सल्ला, व्हिडिओ लावा, स्वतः कमीत कमी बोला. एक सलग तास एकट्याने बोलत राहणं वाईट, एवढं त्या सल्ल्यात खरं आहे. 2014 मध्ये कॉलेजातल्या विज्ञान आणि गणिताच्या वर्गांवरच्या 225 अभ्यासांचा एकत्र विचार झाला, त्यात निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापास होण्याचं प्रमाण, विद्यार्थ्यांना स्वतः विचार आणि काम करायला लावणाऱ्या वर्गांच्या सुमारे दीडपट निघालं. पण व्हिडिओ हेही व्याख्यानच आहे, फक्त त्यात मुलं 'बाई, परत सांगा' म्हणू शकत नाहीत. 2013 च्या एका प्रयोगात 21 मिनिटांच्या व्हिडिओ व्याख्यानाचे चार तुकडे केले आणि मध्ये मध्ये छोटी चाचणी घेतली. व्याख्यान तेच, पण मन भटकण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. म्हणजे फरक पडला तो प्रश्नामुळे.

आणि प्रश्न आपण कसे विचारतो? मी एकदा स्वतःचा तास मोबाईलवर रेकॉर्ड केला. ऐकून लाज वाटली. 'समजलं का?' 'होऽऽऽ.' 'नक्की ना?' 'होऽऽऽ.' खरा प्रश्न विचारला की माझं वाक्य संपायच्या आत तीन हात वर, 'मी सांगू बाई, मी सांगू', आणि मी त्यातल्याच एकीला उठवते. एक सेकंदही मध्ये नाही. उरलेल्या 35 मुलांना विचार करायचं कारणच मी ठेवलेलं नव्हतं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970 च्या दशकातच हे मोजलं होतं: शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' कमी होतं आणि गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. वाचायला सोपं आहे. वर्गात ते तीन सेकंद संपता संपत नाहीत.

मला त्यावर पाटीने मदत केली. साधी, चौकटीची. प्रश्न: एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? कुणी बोलायचं नाही, हात वर नाही, लिहा. मनात दहा मोजले आणि म्हटलं, पाट्या वर. 38 पैकी 22 पाट्यांवर एक चतुर्थांश. कारण चार तीनपेक्षा मोठे! त्याआधीच्या तासाला याच वर्गाने मला 'होऽऽऽ' सांगितलं होतं. कीस पाडणाऱ्या मुलानेही चतुर्थांशच लिहिलं होतं. शेजारच्याच्या पाटीवर तृतीयांश बघून तो चिडला आणि दोघं भांडायला लागले. मी मध्ये पडले नाही. थोड्या वेळाने त्याने खोडरबर हातात घेतला, त्याच्यावर नखाने रेघा ओढल्या, मग आपल्याच पाटीकडे बघत म्हणाला, 'बाई, चतकोर भाकरी म्हणजे हेच ना? मग ती तर लहान झाली.' आणि पाटी पुसली.

काही मुलांना पाटी म्हणजे पहिलीची वस्तू वाटते, सातवीची तर हातात घ्यायला लाजतात. त्यांच्यासाठी मी जुन्या लग्नपत्रिका जमवते. चांगल्या जाड कागदाच्या असतात, मागची बाजू कोरी असते, वरून रुंद पारदर्शक सेलोटेप लावला की फळ्याच्या मार्करने लिहून फडक्याने पुसता येतं. मे महिन्यात घरोघर सांगून ठेवलं तर जूनपर्यंत वर्गाला पुरतील एवढ्या मिळतात.