अभिव्यक्तीसाठी राखीव हिरवळ

कुलगुरुपदी नेमणूक झाली, अभिनंदन! पहिल्या भाषणात ‘विद्यापीठ हे मुक्त विचारांचं माहेरघर’ हे वाक्य येऊ द्या. माहेरी किती दिवस राहायचं, ते पुढे परिपत्रकाने ठरवता येतं.

बंदी मात्र घालू नका. बंदीची बातमी होते. जाणता प्रशासक जागा नेमून देतो. मुख्य इमारतीच्या पायऱ्या नकोत, तिथे आवाज घुमतो आणि फोटोही झकास येतो. पाण्याच्या टाकीमागची हिरवळ उत्तम. फलक लावा : ‘अभिव्यक्ती क्षेत्र. वेळ दुपारी 1 ते 2. गवतावर बसू नये.’

मग अर्ज. 72 तास आधी, तीन प्रतींत, घोषणांच्या मजकुरासह. वादग्रस्त निर्णय अंमलबजावणीच्या आदल्या संध्याकाळी जाहीर केलात, की बाकीचं काम ते 72 तासच करतात. अपेक्षित उपस्थितीही लिहून घ्या. चाळीस लिहून साठ आले तर नियमभंग. बारा आले तर ‘अत्यल्प प्रतिसाद’. वक्ता बाहेरचा असेल तर बंदोबस्ताची अनामत आयोजकांच्याच माथी मारा, आणि विरोधक जितक्या धमक्या देतील तितकी ती वाढवत न्या. धमकी देणाऱ्यांनाही कारभारात सहभाग मिळाल्याचं समाधान!

तरीही मुलं बसलीच, तर चौकशी समिती. नोटीस परीक्षेचे अर्ज भरायच्या आठवड्यात काढा, आणि सगळ्यांना नको, तिघांनाच. बाकीचे आपोआप अभ्यासाला लागतात. निलंबनाच्या भानगडीत पडू नका, त्यावर अपील होतं. ‘प्रकरण विचाराधीन’ या शेऱ्यावर कोण अपील करणार? अहवाल सुट्टी लागल्यावर.

घाई केली की काय होतं, ते अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाला विचारा. तिथे कॅम्पसच्या तोंडाशी टेबलं मांडून पत्रकं वाटायची जुनी वहिवाट होती. सप्टेंबर 1964 मध्ये प्रशासनाला जाग आली, की ही फरसबंदी तर आपल्याच मालकीची! टेबलांवर बंदी आली. 1 ऑक्टोबरला टेबलाशी बसलेल्या जॅक वाइनबर्गला पोलिसांनी गाडीत घातलं, आणि मुलं गाडीभोवती बसली. 32 तास गाडी जागची हलली नाही. तिचाच टप व्यासपीठ झाला. टपाला पोचे नकोत म्हणून मारिओ सॅव्हिओ हा विद्यार्थी नेता बूट काढून वर चढला. विनाअर्ज, विनाअनामत, वर ही शिस्त! डिसेंबरात सुमारे 800 जणांना अटक केली, तर 8 तारखेला प्राध्यापकांनीच 824 विरुद्ध 115 मतांनी मुलांच्या बाजूचा ठराव केला. प्राध्यापकांना मतदानाची सवय लागू देऊ नये, ती अशी.

पोलीस बोलावणं अगदीच अटळ असेल, तर निदान कॅलेंडर बघा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने आंदोलक विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतलेला हॅमिल्टन हॉल 30 एप्रिल 1968 ला पोलिसांकरवी रिकामा करवला, आणि 2024 मध्ये पुन्हा तीच इमारत, तीच तारीख. पत्रकारांना मथळा शोधायचे कष्टही पडले नाहीत.

एवढं करूनही आंदोलन जिंकलं, तर घाबरू नका. थांबा. बर्कलीने ज्याला निलंबित केलं होतं, तो सॅव्हिओ 1996 मध्ये वारला. 1997 मध्ये तिथल्या स्प्राउल हॉल या प्रशासकीय इमारतीच्या पायऱ्यांना त्याचं नाव मिळालं. पुढे ग्रंथालयात त्या चळवळीच्या नावाने कॅफेही निघाला. तिथे टेबलं आहेत. विद्यापीठानेच मांडलेली.