युरोप गळ्यात गळे घालून नाही, कोळशावर नजर ठेवायला एकत्र आला

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड या आठवड्यात तिसऱ्यांदा आलाय. दोन माणसं हात धरून उभी, आणि खाली "१९४५. एवढं रक्त सांडल्यावर फ्रान्स-जर्मनीला अक्कल आली, वैर विसरले, अमेरिकेने पैसा ओतला, सगळा युरोप एक झाला."

म्हणे अक्कल आली. अहो, पहिल्या महायुद्धात रक्त कमी सांडलं होतं का? नुसते सैनिकच ९० लाखांच्या आसपास गेले, तरी १९२३ ला जर्मनीकडून युद्धाच्या भरपाईचा हप्ता थकला म्हणून फ्रान्स-बेल्जियमचं सैन्य रुरमध्ये, म्हणजे जर्मनीच्या कोळशाच्या पट्ट्यात, घुसलंच, कोळसा वसूल करायला. आणि १९४० ला जर्मन पॅरिसमध्ये.

वैर विसरले? विसरले नव्हते म्हणूनच तर हे सगळं झालं. रुरचा कोळसा जर्मनीचा, लोरेनचं लोखंड फ्रान्सचं, फ्रान्सच्या पोलाद कारखान्यांना रुरचा कोक (भट्टीत लागणारा भाजलेला कोळसा) हवाच, आणि त्याच पोलादाच्या तोफा होतात हे ७० वर्षांत तीनदा बघून झालेलं. जर्मनीला कायम दाबून ठेवणं काही जमणार नव्हतं, समोर रशिया उभा, म्हणून अमेरिकेलाच जर्मनी पुन्हा उभी राहायला हवी होती. मग फ्रान्सच्या नियोजन खात्याचा प्रमुख झाँ मोनेने डोकं लावलं आणि फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री शुमान यांनी ९ मे १९५० ला जाहीर केलं, की दोघांचा कोळसा आणि पोलाद एकाच मंडळाखाली आणायचं. म्हणजे गुपचूप तोफा ओतायची सोयच नाही. जर्मनीला काय मिळालं? बरोबरीची खुर्ची, तीही हरल्यावर सहा वर्षांत. आपल्या सोसायटीच्या चेकवर सेक्रेटरी आणि खजिनदार दोघांच्या सह्या लागतात, त्या काय प्रेमापोटी? (आमच्याकडे तर दोघं लिफ्टमध्येपण बोलत नाहीत. पण चेक वेळेवर निघतात.)

पैशाचं थोडं खरं आहे. मार्शल प्लॅनचे, म्हणजे युरोप पुन्हा उभा करायच्या अमेरिकी मदतीचे, साधारण १३ अब्ज डॉलर आले, आणि वाटप आपापसात बसून ठरवा अशी अटही होती. पण पैशाने देश जोडले जातात तर सगळ्यात मोठा वाटा घेणारं ब्रिटन कोळसा-पोलादाच्या करारात का नव्हतं? ते युरोपियन समुदायात (आजच्या युरोपियन युनियनच्या आधीच्या रूपात) आलं थेट १९७३ ला.

आणि "सगळा युरोप"? १९५१ च्या करारावर सह्या सहाच देशांच्या. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग. याच सहांची एकत्र फौज करायचं ठरलं तर ऑगस्ट १९५४ मध्ये फ्रान्सच्याच संसदेने ते उडवून लावलं, कल्पना मुळात फ्रान्सचीच असून. कोळसा ठीक आहे, पण जर्मनांच्या हातात परत बंदूक नको.

आता तो फोटो. १९४५ चा नाहीये तो. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मितेराँ आणि पश्चिम जर्मनीचे चान्सेलर कोल आहेत, पहिल्या महायुद्धातल्या वर्दूनच्या युद्धभूमीवर, सप्टेंबर १९८४. कोळशाच्या करारावर सह्या होऊन तेव्हा ३३ वर्षं उलटली होती.