पाण्याच्या रात्री पाहिलेला ‘कोर्ट’

काल आमच्या लाइनला पाण्याचा दिवस होता. दिवस कसला, रात्रच. चार दिवसांनी येणारं पाणी कधी दीडला येतं, कधी तीनला. जागायचंच होतं म्हणून लॅपटॉपवर ‘कोर्ट’ सिनेमा लावला, चैतन्य ताम्हाणेचा. २०१४ ला व्हेनिसमध्ये गाजला, पुढे राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. भाचा सोबतीला बसला होता. वीस मिनिटांत जांभई देत म्हणाला, “मावशी, ह्यात काय होतच नाही की!” आणि गेला झोपायला.

होतं की रे बाबा. एका लोकशाहिरावर खटला चालू असतो. त्याला आत ठेवा म्हणून सरकारी वकील बाई तावातावानं कलमं वाचते. संध्याकाळी हीच बाई लोकलमध्ये शेजारणीशी साडीबद्दल बोलते, पोराला घेऊन घरी येते, स्वयंपाक करते, सगळ्यांना वाढते. गीतांजली कुलकर्णीनं हे असं केलंय की अभिनय कुठं दिसतच नाही. कॅमेरा एका जागी गप्प उभा. मला त्या बाईचा धड रागही येईना. ती माझ्यासारखीच पोळ्या लाटत होती हो. घाबरले ती तिथं, कोर्टातल्या सीनला नाही.

माझं माहेर सोलापूरच्या साखर पेठेतलं. यंत्रमागाच्या खटखटाटात वाढले. लग्न होऊन जुळे सोलापुरात आले तेव्हा पहिले काही महिने झोपच लागायची नाही, इतकं शांत. (सासूबाईंना वाटायचं, सुनेला माहेरची आठवण येते. आठवण मागांची यायची!) ही शांतता रिकामी नसते हे कळायला मात्र बरीच वर्षं लागली.

आमच्या समोरच्या रो-हाऊसमध्ये काका-काकू दोघंच. मुलगा पुण्याला. महिन्यातून एकदा काकू कडक भाकरी करतात, शेंगाचटणी कुटतात. काका भाकरीची चळत आधी वर्तमानपत्रात, मग जुन्या चादरीच्या तुकड्यात बांधतात, मोडू नये म्हणून. पहाटे स्कूटरवर स्टेशन गाठून पुण्याच्या हुतात्मा एक्स्प्रेसला कुणी ओळखीचं भेटतंय का बघतात. मागं एकदा फाटकात उभं राहून सांगत होते, “पोरगा म्हणतोय, बाबा, ऑनलाइन मिळतंय सगळं इकडं, कशाला त्रास?” बोलता बोलता सुतळीची गाठ सोडली, परत बांधली. पुढच्या महिन्यात गेलेच परत स्टेशनला.

आता सांगा, ह्यात काय होतच नाही?

नागराज मंजुळे आपल्या करमाळ्याचे. ‘फँड्री’नंतरच्या ‘सैराट’नं आपल्या जिल्ह्याची माती पडद्यावर आणली, त्याचा अभिमान आहेच. पण एनए प्लॉट, रो-हाऊस, गच्चीवरच्या काळ्या टाक्या, संध्याकाळी सातला प्रत्येक घरातून येणारा एकाच मालिकेचा आवाज, हे कुणी दाखवायचं? आपल्याकडं मध्यमवर्ग पडद्यावर आला की एक तर विनोदी होतो नाही तर उपदेश करतो. त्याला नुसतं भाकरी बांधू द्यायला कुणी तयार नाही. निर्माते म्हणत असतील, स्टोरी काय? गाठ सोडली आणि परत बांधली, ही स्टोरी. पैसे लावणारा मिळणार नाही, ते मलाही कळतं.

तर पावणेतीनला नळ फुसफुसला. सिनेमा पॉझ केला, मोटर लावली. समोर काकांच्या गच्चीवरही लाइट लागला. टाकीचं झाकण उघडून ते आत वाकून बघत होते. मी हात केला, त्यांनी बॅटरी हलवली.